मरिया एलिझाबेथच्या घरी गेली
सोनोग्राफीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी

आगमनकाळाचा चौथा रविवार
शुभवर्तमान : लूक १:३९-४५



नाताळ आता अगदी दारात आला आहे. घरोघरी गोठा बांधण्याची लगबग सुरू आहे. मुलांनी गवत, माती, रंगीत कागद जमवले आहेत. पण गोठ्यात बाळ ठेवण्याआधी ख्रिस्तसभा आज आपल्याला दुसऱ्याच एका घराच्या उंबरठ्यावर नेऊन उभी करते. तिथे दोन गरोदर स्त्रिया भेटत आहेत. एक वयस्कर, एक अगदी तरुण. दोघींच्याही पोटात बाळ आहे. जन्म अजून कुणाचाच झालेला नाही.

संत लूक सांगतो, देवदूताचा निरोप मिळताच मरिया घाईने यहूदियाच्या डोंगराळ प्रदेशाकडे निघाली. नाझरेथहून ती काही दिवसांची वाट होती. परंपरेप्रमाणे हे गाव म्हणजे यरुशलेमजवळचे आईन करीम. एलिझाबेथला तेव्हा सहावा महिना लागला होता. मरियेला मात्र दिवस जाऊन जेमतेम काही दिवसच झाले होते. मरियेने दारातून हाक दिली, तशी एलिझाबेथच्या उदरातील बाळाने आनंदाने उडी घेतली आणि एलिझाबेथने पवित्र आत्म्याने भरून तिला आपल्या प्रभूची आई म्हणून ओळखले.

या प्रसंगाकडे थोडे थांबून पाहू या. त्या दिवशी मरियेची सोनोग्राफी करता आली असती, तर पडद्यावर काय दिसले असते? काहीच नाही. इतक्या लवकर आजचे सर्वांत चांगले यंत्रही काही दाखवू शकत नाही. तरीही एलिझाबेथने आईला ओळखले आणि बाळाचे स्वागत केले. ती रिपोर्टची वाट पाहत थांबली नाही.

आज आपल्या धर्मग्रामातील जवळजवळ प्रत्येक गरोदर सून, लेक, बहीण दोन-चार वेळा तरी सोनोग्राफीला जाते. फाईल हातात असते, पोटात पाणी भरलेले असते आणि मनात धाकधूक असते. म्हणून आजच्या शुभवर्तमानाच्या प्रकाशात याच विषयावर बोलायचे ठरवले आहे. सोनोग्राफीत काय पाहतात, तिच्याकडून कशाची अपेक्षा धरावी, कशाची धरू नये, आणि त्या खोलीत जाताना ख्रिस्ती कुटुंबाने मनात काय घेऊन जावे, याचा आज विचार करू या.

हे यंत्र आले कुठून?

आपल्या आजीबाई कधी कधी म्हणतात, "आमची सहा-सहा बाळंतपणं झाली, कुणी पडद्यावर बघितलं होतं?" त्यांचे म्हणणे खरे आहे. पण त्याच आजीबाईंना विचारा, त्यांच्या वेळच्या किती बाया बाळंतपणात गेल्या, किती बाळे हाती लागली नाहीत. त्या नावे घेऊन सांगतील. त्यातले काही जीव आज या तपासणीमुळे वाचतात.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात इयन डोनाल्ड नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. धातूच्या जोडात कुठे चीर आहे का, हे शोधायला कारखान्यात ध्वनिलहरींचे यंत्र वापरतात, हे त्यांना माहीत होते. १९५५ साली ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन ग्लासगोजवळच्या एका बॉयलरच्या कारखान्यात गेले आणि त्या यंत्रावर तपासून पाहिल्या. पुढे जॉन मॅकव्हिकार आणि टॉम ब्राऊन या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले संशोधन प्रसिद्ध केले. तिथून सोनोग्राफी जगभर पसरली. हेच डोनाल्ड श्रद्धावंत ख्रिस्ती होते, आणि ब्रिटनमध्ये १९६७ साली गर्भपाताचा कायदा झाला तेव्हा त्यांनी त्याला उघड विरोध केला. ज्यांनी आपल्याला पोटातले बाळ पाहायला शिकवले, त्यांना ते बाळ जपण्यासाठी पाहायचे होते, हे आपण लक्षात ठेवू या.

या तपासणीत एक्स-रे नसतो. आपल्या कानांना ऐकू न येणारा, फार उच्च कंप्रतेचा आवाज पोटात सोडला जातो. तो बाळाच्या अंगावर आपटून परत येतो आणि त्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र तयार होते. शिकलेल्या डॉक्टरने, वैद्यकीय कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीने बाळाला इजा झाल्याचे इतक्या वर्षांत सिद्ध झालेले नाही. तेव्हा भीतीपोटी तपासणी टाळू नये. तसेच केवळ हौस म्हणून, फोटो हवा म्हणून वारंवार करूही नये.

कोणत्या महिन्यात काय पाहतात?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रत्येक गरोदर स्त्रीची २४ आठवड्यांच्या आत किमान एक सोनोग्राफी व्हावी. आपल्याकडे डॉक्टर सहसा तीन-चार वेळा सांगतात. प्रत्येक वेळेचे काम वेगळे असते.

पहिली तपासणी साधारण सहा ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान होते. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ पिशवीतच रुजला आहे की बाहेर नळीत, एक आहे की जुळे, ठोके सुरू झाले आहेत का, हे यात पाहतात. गर्भ नळीत राहिला असेल, तर आईच्या जिवाला धोका असतो, म्हणून ही तपासणी मोलाची. बाळाच्या लांबीवरून प्रसूतीची तारीखही या सुरुवातीच्या तपासण्यांत सर्वांत नेमकी मिळते. पाणी पिऊन लघवी रोखून धरायला सांगतात, ते चित्र स्पष्ट दिसावे म्हणून. फार लवकर असेल, तर कधी कधी योनीमार्गातून तपासतात. त्याने गर्भाला धोका नसतो. संकोच वाटत असेल, तर सोबत स्त्री परिचारिका असावी, असे मोकळेपणाने सांगावे. ठोके दिसले नाहीत, तर लगेच खचून जाऊ नये. तारीख मागेपुढे झालेली असू शकते आणि डॉक्टर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात.

दुसरी तपासणी ११ ते १४ आठवड्यांत होते. तिला ‘एन.टी. स्कॅन’ म्हणतात. बाळाच्या मानेमागे साठलेल्या पाण्याची जाडी मोजतात आणि त्यासोबत बहुधा ‘डबल मार्कर’ ही रक्ताची तपासणी करतात. या दोन्हींवरून डाऊन सिंड्रोमसारख्या स्थितीची शक्यता किती, याचा अंदाज बांधला जातो. हा फक्त अंदाज असतो, हे नीट समजून घ्यावे. रिपोर्टवर ‘२५० मध्ये १’ असे आले, की घरात रडारड सुरू होते. त्याचा अर्थ असा, की असा रिपोर्ट आलेल्या २५० मातांपैकी २४९ जणींच्या बाळाला तो दोष नसतो.

तिसरी तपासणी १८ ते २० आठवड्यांच्या आसपासची. हिला ‘ॲनॉमली स्कॅन’ म्हणतात आणि ही सर्वांत सविस्तर असते. डोके, चेहरा, मणका, हृदय, पोट, मूत्रपिंडे, हातपाय, वार कुठे आहे, पाणी किती आहे, असे एकेक पाहिले जाते. अर्धा तासही लागू शकतो. डॉक्टर गप्प राहून पडद्याकडे पाहत असले, की आईच्या मनात शंका येते. पण ते मोजमाप घेत असतात. बाळ पाठ करून बसले असेल, तर आईला थोडे चालून यायला सांगतात. यात घाबरण्यासारखे काही नसते.

पुढे सातव्या-आठव्या महिन्यात आणि गरज पडल्यास नवव्यात बाळाची वाढ, पाणी, वार आणि बाळाचे डोके खाली आहे का, हे पाहतात. रक्तदाब, मधुमेह किंवा वाढ कमी असेल, तर ‘कलर डॉपलर’ करून नाळेतील रक्तप्रवाह तपासतात. बाळाचे जे वजन सांगतात ते अंदाजाचे असते. त्यात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पडू शकतो. शेजारणीच्या बाळाच्या वजनाशी तुलना करून सुनेला टोमणे मारू नयेत.

आणि एक महत्त्वाचे. बाळाची हालचाल कमी जाणवली, अंगावरून रक्त गेले, पाणी गेले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढच्या सोनोग्राफीच्या तारखेची वाट पाहू नये. तडक दवाखान्यात जावे.

खर्चाची अडचण असेल, तर सरकारी सेवा आहेत. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत गरोदर मातेची प्रसूती, औषधे आणि आवश्यक तपासण्या मोफत आहेत. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या मातांची विशेष तपासणी होते. आपल्याकडे घरकामाला येणारी बाई, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर राबणारी मजूर स्त्री पोटुशी असेल, तर ही माहिती तिला देणे आणि ९ तारखेला तिला सुट्टी देणे हीसुद्धा आगमनकाळातील सत्कृती आहे.

एक प्रश्न विचारायचा नाही

सोनोग्राफी केंद्रात शिरताच भिंतीवर पाटी दिसते : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तिथे एक अर्ज भरून घेतात, सही घेतात. पुष्कळांना ही निव्वळ कटकट वाटते. त्यामागचे दुःख मोठे आहे.

महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर १००० मुलग्यांमागे १९९१ च्या जनगणनेत ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ उरल्या आणि २०११ मध्ये ८९४. या आकड्यांत किती मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, हे देवच जाणे. जे यंत्र बाळ जपण्यासाठी आले, त्याच यंत्राने मुलगी शोधून तिला नाकारले गेले. याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला. देशाचा कायदा १९९४ साली झाला, १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये अधिक कडक करण्यात आला. बाळाचे लिंग शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगण्यास बंदी आहे. सांगणारा डॉक्टर जसा गुन्हेगार ठरतो, तसेच विचारणारा नवरा आणि नातेवाईकही. तुरुंगवासाची शिक्षा आहे. जिच्यावर जबरदस्ती झाली, त्या स्त्रीला मात्र कायदा संरक्षण देतो.

"आम्ही ख्रिस्ती लोक, आमच्यात असे नसते," असे म्हणून आपण सुटका करून घेऊ नये. पहिली मुलगी असताना दुसऱ्या वेळी सासरी कोणत्या सुरात विचारपूस होते, हे सुनांना ठाऊक असते. "या खेपेला तरी..." एवढे अर्धे वाक्यसुद्धा पुरेसे असते. ते ऐकून ती सून रात्रभर कुशीवर कुशी बदलते. गर्भाला हात न लावताही आपण त्या मुलीला नको म्हटलेले असते.

आपले कितीतरी नातलग कॅनडात, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात आहेत. तिथे मुलगा की मुलगी ते सांगतात. केक कापून गुलाबी-निळा रंग दाखवतात, त्याचे व्हिडिओ आपल्या मोबाईलवर येतात. तिथे ते सहज होत असेल. आपल्याकडे या माहितीची किंमत मुलींनी जिवाने मोजली आहे. म्हणून डॉक्टरांना विचारू नका, आडून विचारू नका, ओळख लावून विचारू नका. प्रामाणिक डॉक्टरला मोहात टाकू नका. बाळ सुखरूप आहे का, एवढेच विचारा.

रिपोर्टमध्ये काही निघाले तर

आता जरा कठीण गोष्टीकडे वळू या. बहुतेक वेळा सगळे ठीक असते आणि आपण पेढे घेऊन घरी येतो. पण काही वेळा डॉक्टर खुर्ची जवळ ओढतात आणि म्हणतात, "थोडं बोलायचं आहे." त्या क्षणी आईवडिलांच्या पायाखालची जमीन सरकते.

अशा वेळी पहिली गोष्ट ही, की घाईत काही ठरवू नये. सोनोग्राफीत दिसणाऱ्या पुष्कळ खुणा नुसत्या खुणाच असतात. मेंदूतील लहानसा पाण्याचा फुगा, हृदयातील पांढरा ठिपका, मूत्रपिंडाला आलेली थोडी सूज, यांतले बरेच काही पुढे आपोआप नाहीसे होते किंवा त्याने बाळाचे काही बिघडत नाही. विसाव्या आठवड्यात वार खाली दिसली, तरी बहुतेकींच्या बाबतीत पिशवी वाढते तशी ती वर सरकते. म्हणून डॉक्टरांना शांतपणे विचारावे : हे नक्की आहे की शंका आहे? आणखी कोणती तपासणी लागेल? त्या तपासणीत बाळाला धोका किती? यावर उपचार आहे का? प्रसूती कुठे करावी? गर्भाच्या आजारांतील तज्ज्ञाचे दुसरे मत जरूर घ्यावे.

दुसरी गोष्ट ही, की दोष म्हणजे शेवट नव्हे. दुभंगलेल्या ओठावर शस्त्रक्रिया होते. वाकडे पाऊल प्लास्टर लावून सरळ करता येते. हृदयातील कितीतरी छिद्रे आज बंद करता येतात. आधी कळल्यामुळे बाळाचा जन्म अशा रुग्णालयात करता येतो, जिथे बालहृदयतज्ज्ञ आणि नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग आहे. मुंबईत परळचे वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून मुलांची सेवा करत आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोष असलेल्या मुलांच्या तपासणीची आणि उपचारांची सोय आहे. सोनोग्राफीचे खरे पुण्य इथे आहे. आजार आधी कळला, तर बाळासाठी आधीपासून तयारी करता येते.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबतीत स्पष्ट आहे आणि ती विज्ञानाच्या विरोधात नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ मार्च १९९५ रोजी, मरियेला देवदूताचा निरोप मिळाल्याच्या सणाच्या दिवशी, ‘इव्हांजेलियुम विते’ हे जीवनाविषयीचे विश्वपत्र प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी सांगितले, की बाळाला आणि आईला अवाजवी धोका नसेल आणि हेतू लवकर उपचाराचा किंवा बाळाला समजून-उमजून स्वीकारण्याचा असेल, तर जन्मापूर्वीची तपासणी योग्य आहे. दोष निघाला तर बाळ नको, या हेतूने केलेली तपासणी मात्र योग्य नाही. तपासणी तीच, यंत्र तेच. फरक आपल्या मनातल्या हेतूचा आहे.

आपल्या देशात १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे. २०२१ च्या बदलानंतर काही परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत, आणि गंभीर दोष असल्याचे वैद्यकीय मंडळाने सांगितल्यास त्यानंतरही परवानगी मिळते. त्यामुळे वाईट रिपोर्टबरोबर हा पर्यायही टेबलावर येतो. नातेवाईक म्हणतात, "तुम्ही तरुण आहात, पुन्हा होईल." बंधुभगिनींनो, पुन्हा होईल ते दुसरे बाळ असेल. हे बाळ हेच आहे. स्तोत्रकर्त्याने १३९ व्या स्तोत्रात गायिले आहे, की आईच्या उदरात आपण आकार घेत असतानाच देवाचे डोळे आपल्याला पाहत होते. देव पाहतो तेव्हा त्याला दोषाआधी लेकरू दिसते.

फ्रान्समधील डॉक्टर जेरोम लेज्यून यांची आठवण इथे होते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९५९ साली जगापुढे मांडले. या शोधातून कधीतरी उपचार निघेल, अशी त्यांना आशा होती. पण लोक त्याच शोधाच्या आधारे अशी बाळे जन्माआधी शोधून नाकारू लागले. लेज्यून यांना याचे अतोनात दुःख झाले. त्यांनी आयुष्यभर या मुलांवर उपचार केले आणि सभांमधून त्यांची बाजू मांडली. १९९४ साली पोप जॉन पॉल यांनी त्यांना जीवनविषयक परमपीठीय अकादमीचे पहिले अध्यक्ष नेमले. त्याच वर्षी पुनरुत्थानाच्या रविवारी त्यांचे निधन झाले. २०२१ साली ख्रिस्तसभेने त्यांना ‘पूजनीय’ म्हणून घोषित केले.

बाळ फार दिवस जगणार नसेल तर

काही आईवडिलांना याहूनही जड क्रूस उचलावा लागतो. बाळ जन्मले तरी जगणार नाही, असे डॉक्टर सांगतात. त्यांना उपदेश करायला जाऊ नये. त्यांच्याजवळ बसावे. ज्या बाळाचे आयुष्य काही तासांचेच आहे, त्यालाही ते काही तास आपल्या आईच्या कुशीत मिळावेत, हे त्या बाळाचे आहे आणि आईचेही आहे. बाळाला नाव द्यावे. जन्मताच जिवाला धोका असेल, तर धर्मगुरू येईपर्यंत थांबू नये. अशा वेळी कुणीही, डॉक्टर किंवा परिचारिकासुद्धा, ख्रिस्तसभेच्या हेतूने, डोक्यावर पाणी ओतून पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते. ही गोष्ट प्रत्येक ख्रिस्ती घराला माहीत असली पाहिजे.

बाळ पोटातच गेले, किंवा बाप्तिस्म्याआधी गेले, तर? ख्रिस्तसभा अशा बाळांना देवाच्या दयेच्या हाती सोपवते आणि त्यांच्या तारणाची आशा धरते. २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने या आशेचे सविस्तर विवेचन केले. ज्यांच्या आईवडिलांची बाप्तिस्मा देण्याची इच्छा होती, अशा बाळांचा अंत्यविधी बिशपांच्या परवानगीने ख्रिस्ती पद्धतीने होऊ शकतो. तेव्हा "त्यात काय रडायचं, अजून जन्मलंही नव्हतं," असे कोणी कुणाला म्हणू नये. कफनात गुंडाळलेले ते इवलेसे शरीर त्या आईचे लेकरू आहे. धर्मगुरूंना कळवा. आम्ही येऊ.

आणि आज या बाकांवर अशीही एखादी भगिनी असेल, जिने कधीतरी भीतीने, दबावाने किंवा एकटेपणात गर्भपात करून घेतला आणि ते ओझे वर्षानुवर्षे कुणाला न सांगता वाहिले. असा एखादा बंधूही असेल, ज्याने तिच्यावर दबाव आणला किंवा गप्प राहिला. त्यांना एवढेच सांगायचे आहे, की देवाची दया तुमच्यासाठी बंद झालेली नाही. या पापाची क्षमा देण्याचा अधिकार पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली सर्व धर्मगुरूंना दिला आहे. प्रायश्चित्त संस्काराला या. नाताळच्या आधी या.

आपण काय करू शकतो?

मरिया एलिझाबेथकडे तीन महिने राहिली. शुभवर्तमान तिथले तपशील देत नाही. पण सातव्या-आठव्या महिन्यातल्या वयस्कर गरोदर बाईच्या घरी तरुण मुलगी तीन महिने काय करते, हे आपल्या घरांतल्या स्त्रियांना सांगायला नको. पाणी भरणे, दळण, स्वयंपाक, पाय चेपणे. देवाची आई तेव्हा हे सगळे करत होती.

म्हणून पतींनो, सोनोग्राफीला पत्नीला एकटी पाठवू नका. अर्धा दिवस रजा घ्या. संत योसेफाने मरियेला साथ दिली, तशी साथ द्या. रिपोर्ट दोघांनी मिळून ऐका. सासूबाईंनो, सून परत आली की आधी तिला पाणी द्या, बसू द्या, "बाय, दमलीस का?" असे विचारा. मग रिपोर्टचे. समूहातील शेजाऱ्यांनो, ज्या घरी काळजीचा रिपोर्ट आला आहे, तिथे चौकशा करायला जाऊ नका, डबा घेऊन जा. रुग्णालयात न्यायला गाडी लागेल, रक्त लागेल, मोठ्या मुलाला सांभाळायला कुणी लागेल. ज्या घरात विशेष मूल आहे, त्या घराला आपल्या सणावारात, लग्नकार्यात अगत्याने बोलवा. तरुण आईवडील हे पाहत असतात. असे मूल या धर्मग्रामात सुखाने वाढू शकते, हे त्यांना आपल्या वागण्यातूनच कळणार आहे. आपण त्या मुलांकडे पाठ फिरवली, तर आमच्या प्रवचनाला काही अर्थ उरणार नाही.

नवविवाहित जोडप्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. बाळाचा विचार सुरू होताच, दिवस जाण्याआधीपासूनच, डॉक्टरांना विचारून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू कराव्यात. मणक्याचे काही गंभीर दोष त्याने टळतात. आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, म्हणजे सगळ्याची हमी मिळाली, असेही समजू नये. यंत्राला सगळे दिसत नाही. काही गोष्टी जन्मानंतरच कळतात.

गरोदर मातेवर आणि तिच्या उदरातील बाळावर आशीर्वाद मागण्याची प्रार्थना ख्रिस्तसभेकडे आहे. सोनोग्राफीला जाण्याच्या आदल्या दिवशी किंवा कोणत्याही मिस्सानंतर वेदीजवळ या, आम्ही आनंदाने प्रार्थना करू. तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या एक ‘नमो मरिया’ म्हणा. ती तुमच्या आधी या वाटेने गेली आहे.

एलिझाबेथने बाळाला पाहिले नव्हते, तरी त्याचे स्वागत केले. आपल्याला तर पडद्यावर त्याचे ठोके दिसतात. पडद्यावरचे ते बाळ मुलगा असो वा मुलगी, धडधाकट असो वा आजारी, रिपोर्ट हाती येण्याआधीच आपण मनात त्याला "ये" म्हटलेले असावे. मग पुढे जे कळेल ते त्याची काळजी घेण्यासाठी उपयोगी पडेल.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रेमळ पित्या, तुझ्या पुत्राने नऊ महिने मरियेच्या उदरात वास केला. आमच्या धर्मग्रामातील सर्व गरोदर मातांना सांभाळ. तपासणारे डॉक्टर, परिचारिका यांच्या हातांना कौशल्य आणि मनाला सचोटी दे. ज्यांना आज काळजीचा रिपोर्ट मिळाला आहे, त्यांना धीर दे आणि आम्हाला त्यांच्या दारी पाठव. ज्यांनी आपली बाळे गमावली, त्यांचे अश्रू तू पूस. येणाऱ्या प्रत्येक लेकराचे स्वागत करण्यास आमची घरे आणि अंतःकरणे मोठी कर. प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे आम्ही ही प्रार्थना करतो. आमेन.